शेवटचं पाणी कधी दिलं

चाचाच्या हाताचा गुण गेला, असं आमच्या गावात पहिल्यांदा मी म्हटलं. ते खोटं होतं आणि म्हणताना मला ते ठाऊक होतं. ज्यांनी ते ऐकलं त्यातले बरेच जण आता नाहीत, जे आहेत त्यांना अर्धवट आठवतं. माझी स्मरणशक्ती अजून चांगली आहे, तेव्हा घडलं तसं सांगतो.

चाचा बटाट्याच्या आरणी लावायचे. नव्वदच्या दशकात घोड नदीच्या आमच्या बाजूला उसाच्या जोडीला थोडाफार बटाटा सगळेच करत. माघात बटाटा निघायचा तेव्हा बाजार पडलेला असायचा, म्हणून तो झाडाखाली रचून उन्हाळ्यापर्यंत ठेवायचा. या रचलेल्या बटाट्याला आरण म्हणतात. कोणी त्याला ढीग म्हटलं की चाचा चिडायचे. “ढीग उकिरड्याचा असतो,” म्हणायचे.

आम्ही त्यांना तोंडावर चाचा म्हणायचो आणि पाठीमागे ‘तो चाचा’. त्यांचं घर मशिदीजवळ, चार पिढ्या गावातलंच. वयाने ते माझ्यापेक्षा दहा वर्षांनी तरी मोठे. तरी आमच्या शिवारात कोणी ‘ते आले’ म्हणत नसे, ‘चाचा आला’ म्हणत. इथे मी ‘ते’ लिहितो आहे. तेव्हा म्हणत नव्हतो.

त्यांचं काम पाहण्यासारखं होतं. चिंचेच्या किंवा लिंबाच्या दाट सावलीत जागा निवडायची, ती साफ करून हाताने चाचपून बघायची. खाली कडुलिंबाचा वाळला पाला. मधोमध तुरीच्या वाळल्या काठ्यांची एक पेंढी उभी करायची, तिच्यातून आतली ऊब बाहेर जायची. मग तिच्याभोवती बटाटा रचायचा. पाटी ओतायची नाही, ओंजळीने ठेवायचा. ओतला तर साल खरचटते आणि खरचटल्या जागी कूज धरते. वरून उसाचं वाळलं पाचट इतकं जाड, की उजेडाची तिरीपही आत जाऊ नये. त्यांनी लावलेली आरण वैशाखात उघडली तरी बटाटा टणक निघायचा. थोडे नासायचेच, पाटीला दोन-चार. ते कोणत्याही आरणीत नासतात.

पण हे सगळं नंतर. बांधाला सायकल टेकवली की ते आधी एक प्रश्न विचारायचे. “शेवटचं पाणी कवा दिलं?”

काढणीआधी निदान पंधरा दिवस बटाट्याचं पाणी तोडावं लागतं. मग जमिनीत त्याची साल पक्की होते. तसं नसेल तर ते आरण लावत नसत. एकदा आमच्या सरपंचांच्या शेतावरून ते तसेच माघारी वळले होते. सरपंच म्हणाले, “अरे, मजूर लावलेत, माल वर आलाय, आता काय करू?” चाचांनी एक बटाटा उचलून त्यावर अंगठा घासला. साल कांद्याच्या पापुद्र्यासारखी सुटली. “हे बघा. पाळण्यातल्या लेकराला बोहल्यावर चढवलंय तुम्ही. आज बाजारात न्या, खाणारे खात्याल. ठेवायचा माल न्हाई ह्यो.” आणि गेले. सरपंचांना वाईट वाटलं नाही, उलट ते स्वतःच हा किस्सा सांगत. चाचांचा शब्द असा चालायचा.

मी त्या वेळी गावच्या पीककर्जाच्या सोसायटीचा चेअरमन होतो. माझा दीड एकर बटाटा चांगला आला होता. चाचांनी मला काढणीचा दिवस दिला होता. तो पुढे ढकलता येणार नव्हता, कारण त्यानंतर ते महिनाभर नदीपलीकडे श्रीगोंद्याच्या बाजूला जाणार होते. मी वेळेवर पाणी तोडलं होतं. सगळं बरोबर चाललं होतं.

काढणीला आठ दिवस उरले असताना कॅनॉलला पाण्याचं आवर्तन सुटलं आणि माझी पाळी आली.

ज्याने कॅनॉलवर शेती केली नाही त्याला हे कळायला अवघड आहे. पाळीचं पाणी शेतकरी सोडत नाही. पिकाला नको असलं तरी सोडत नाही, कारण आपण सोडलं की ते शेजाऱ्याच्या रानात जातं आणि पुढच्या वेळी तो म्हणतो, मागे तुम्हाला कुठं लागलं होतं? शेजाऱ्याशी माझं बोलणं बंद होतं. त्यात मी चेअरमन. माझ्या पाळीला तो पाणी घेतोय हे गावाने पाहिलं असतं. शिवाय मनात आलं, एका पाण्याने बटाटा थोडा फुगेलही. मी पाटाची दारं धरायला गडी नाही पाठवला, स्वतः गेलो. पायजमा गुडघ्यापर्यंत ओढून दुपारभर बटाट्याला पाणी दिलं.

घरी आल्यावर बायको म्हणाली, “कशाला दिलंत? रानाला नको होतं.”

“पाळी होती.”

“रानाची पाळी होती का तुमची?”

मी चिखलाचे पाय धुवायला गेलो.

काढणीच्या दिवशी बटाटा उकरला तेव्हा लगेच दिसलं. सऱ्यांमधली माती अजून हाताला चिकटत होती. मी आडोशाला जाऊन एका बटाट्यावर अंगठा घासला. साल निघाली. आता दोन वाटा होत्या. एक, चाचांना खरं सांगायचं. ते सायकल वळवून गेले असते. मग सगळा माल पडत्या बाजारात न्या आणि चेअरमनने काढणीच्या तोंडावर पाणी दिलं म्हणून चार जणांचं हसणं ऐका. दुसरी वाट मी घेतली.

विहिरीकडच्या बाजूला रान जरा चढाला होतं. तिथे पाणी पोहोचलं नव्हतं आणि तिथल्या बटाट्याची साल घट्ट होती. मी काढणीच्या बायांना सांगितलं, पहिल्या पाट्या तिकडच्या भरा आणि चिंचेखाली पुढे आणून ठेवा. त्यांनी ठेवल्या. चाचा आले, सायकल टेकवली.

“आप्पा, शेवटचं पाणी कवा दिलं?”

“झाले की अठरा-वीस दिवस.”

“मधी आवर्तन व्हतं की.”

“उसाला घेतलं ते.”

ते खाली बसले, पुढच्या पाटीतला एक बटाटा उचलला, अंगठा घासला. दुसरा उचलला. तिसरा. साल जागची हलली नाही. “ब्येस हाय,” म्हणाले आणि कामाला लागले. बायको चहा घेऊन तिथेच उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं, कप ठेवले आणि गेली.

दुपारी आरण छातीइतकी आली होती. चाचा म्हणाले, “आप्पा, ह्यो मधला माल गार लागतोय.”

“सावलीत पडलाय. गार लागणारच.”

“गार येगळं आन् ओलं येगळं. इतकी वर्सं काय गोट्या खेळलो म्हणता?” ते हसत होते, पण हात थांबला होता.

“चाचा, अजून किती वेळा तपासणार? मालक मी आहे ना? मी सांगतोय.”

हे वाक्य मी जरा मोठ्याने बोललो. बायांनी माना वर केल्या. चाचा म्हणाले, “तुम्ही म्हणताय तर म्हणताय,” आणि पुढची ओंजळ ठेवली. मला पुष्कळदा वाटलं आहे, की खोट्या उत्तरापेक्षा तो चढलेला आवाज वाईट होता. उत्तराने त्यांना फसवलं. आवाजाने त्यांना त्यांच्या हाताला कळत होतं त्याच्याविरुद्ध काम करायला लावलं.

दोन महिन्यांनी आरण उघडली. पाचट काढतानाच वास आला. कुबट, बंद खोलीत ओला सदरा राहिल्यावर येतो तसा. वरचे दोन थर चांगले होते. खाली हात घातला तर बटाटे हलके लागले, आतून पोकळ. साल आत बसून तिच्यावर वळ्यांवर वळ्या पडलेल्या, जशा विहिरीच्या पाण्यात खडा टाकल्यावर उठतात. वळ्यांमधून बुरशीचे पुंजके, पांढरे, काही गुलाबी छटेचे. एक फोडला तर आत तपकिरी कोरडा भुसा आणि त्या पोकळीतही बुरशी. तळाचे तर पाणी होऊन गेले होते, त्यावर माश्या. निम्म्याहून जास्त माल गेला होता.

शिरूरहून कृषी सहायक आले. तरुण आणि हुशार. त्यांनी बटाटा चाकूने कापून दाखवला. “ही कोरडी कूज आहे. बुरशी मातीतूनच येते. पक्क्या सालीतून तिला आत जाता येत नाही. साल कोवळी असली, हाताळताना सोलवटली, की तिथून शिरते. वर ओल मिळाली तर विचारूच नका.” मग त्यांनीही तेच विचारलं. “काढणीआधी शेवटचं पाणी कधी दिलं होतं?”

आजूबाजूला सात-आठ माणसं उभी होती. “वीस दिवस,” मी म्हणालो.

“मग रचण्यातच काहीतरी राहिलं. पाचट ओलं होतं का?”

“असेल,” मी म्हणालो.

त्या एका शब्दाने काम झालं होतं, पण मी तिथे थांबलो नाही. दुसऱ्या दिवशी न्हाव्याच्या दुकानात दाढीला बसलो. कोणी तरी विचारलं, “आप्पा, आरण गेली म्हणं?” फेस लावलेल्या तोंडाने मी म्हणालो, “चाचाच्या हाताचा गुण गेला आता. वय झालं त्याचं.”

पुढचं मला काही करावं लागलं नाही. बाकावरचा एक जण म्हणाला, “माझ्याबी आरणीत गेल्या साली नासका निघाला व्हता.” दुसरा म्हणाला, “माझ्या तर दरसाल निघतो, मी आपला बोललो न्हाई.” पाटीला दोन-चार नासतात ते सगळ्यांचेच नासत आले होते. आता त्यांना धनी मिळाला. न्हावी म्हणाला, “डोळंबी अधू झाल्यात त्याचं.” चाचांचे डोळे ठणठणीत होते. मी आरशात बघत बसलो.

चार-पाच दिवसांनी चाचा माझ्या दारात आले. सायकल टेकवली नाही, हातात धरूनच उभे राहिले.

“आप्पा, आरण गेली म्हणून कळलं.”

“गेली.”

“नासका माल बघायचा व्हता.”

“नाल्यात टाकला सगळा.”

“एक तरी ठेवायचा बघायला,” एवढंच म्हणाले आणि वळले. मी ओट्यावरून पाहत होतो. नाल्याशी ते उतरले, खाली गेले, बराच वेळ वर आले नाहीत. मला वाटलं, आता येऊन बोलतील. त्यासाठी मी शब्दही तयार करून ठेवले. ते वर आले आणि सरळ घराकडे गेले.

पुढच्या माघात त्यांना कोणी बोलावलं नाही. ते सवयीने सायकल काढून शिवारात फिरायचे, बांधावर थांबायचे. लोक म्हणायचे, “यंदा आमचं आम्हीच लावतो, चाचा.” आम्ही आमचं आम्हीच लावलं आणि त्या दोन वर्षांत गावात जेवढा बटाटा कुजला तेवढा चाचांच्या सगळ्या हयातीत कुजला नसेल. त्याबद्दल मात्र कोणाच्या हाताला बोल लागला नाही. तेव्हा हवा वाईट होती, बियाणं वाईट होतं. नदीपलीकडेही शब्द पोहोचला होता. तिसऱ्या वर्षी चाचा गाव सोडून दौंडला मुलीकडे गेले. जावयाची तिथे बेकरी होती.

घरात यावर बोलणं होत नव्हतं. फक्त मी कोणाचं खोटं पकडून शेरा मारला, की बायको म्हणायची, “आपण नको बोलायला.” आपण म्हणजे कोण, ते तिला आणि मला कळत होतं.

काही वर्षांनी आम्ही पाटसला एका लग्नाला गेलो होतो. मांडवातून निघताना ती म्हणाली, “दौंड इथून जवळ आहे. मी थांबते. तुम्ही जाऊन या.” कुठे, ते मी विचारलं नाही. हायवेवर एसटी मिळाली.

बेकरीच्या मागच्या बाजूला चाचा स्टुलावर बसले होते. पॅटिससाठी उकडलेले बटाटे सोलत होते. मला पाहून उठले.

“आप्पा? या, या. बसा. गरम पॅटिस हाय, खाणार?”

“नको. चाचा, त्या साली मी आठ दिवस आधी पाणी दिलं होतं. पुढच्या पाट्या चढाच्या होत्या.”

ते परत बसले, एक बटाटा घेतला. “म्हाईत हाय.”

“कधीपासून?”

“नाल्यात उतरलो तवापासनं. कुजलेला ऱ्हाऊ द्या, त्येच्यात चुकून पडल्याला चांगला माल बघितला मी. त्येच्यावर बी जागोजागी साल सुटून वाळल्याली. कवळा काढला म्हंजीच तसं व्हतं.”

“मग बोलला का नाहीत?”

“कुणाला? तुम्हाला? तुम्हाला तर म्हाईतच व्हतं.”

“गावाला.”

“गावानं कुणाचं ऐकलं असतं, आप्पा? चेअरमनचं का आरण लावणाऱ्याचं?” ते रागाने बोलत नव्हते. बाजारभाव सांगावा तसं बोलत होते. “आन् खरं सांगू का, माझी बी चूक हाय. हाताला ओल लागत व्हती. उठून जायला पायजे व्हतं.”

हे मला ऐकवेना. मी म्हणालो, “चाचा, माफ करा.”

“केलं. पर मला सांगून काय उपेग? तुम्हाला म्हाईत, मला म्हाईत. ज्येंला म्हाईत न्हाई त्येंला सांगा. माझ्या बापानं बी आरणी लावल्यात त्या गावात.”

सांगतो, असं मी कबूल केलं. आणि सांगितलं नाही. त्या वर्षी सोसायटीची निवडणूक होती, मग नातीचं लग्न जमत होतं, मग वाटलं आता जुनं झालं. सबबी सगळ्या खऱ्या होत्या. मग एक दिवस दौंडहून चाचांची मयत गावात आणली. कबरस्तानाच्या कडेला आम्ही दहा-वीस शेतकरी उभे होतो. माणूस सरळ होता, असं सगळे म्हणाले. त्यांच्या कामाबद्दल कोणी अक्षर काढलं नाही. चांगलं बोलायला संकोच आणि वाईट बोलायची ती वेळ नव्हती. त्या गप्प बसण्याला कारण मी होतो.

त्याच वर्षीच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत, शेवटी ऐनवेळचे विषय आले तेव्हा मी उठलो. चेअरमनपद केव्हाच सुटलं होतं. म्हणालो, “बटाट्याच्या आरणीबद्दल बोलायचं आहे,” आणि सगळं सांगितलं. पाळी, चढाच्या पाट्या, वीस दिवस, न्हाव्याचं दुकान. तरुण सभासदांपैकी एकाने शेजाऱ्याला विचारलं, “कोण चाचा?” मला थांबावं लागलं. आधी ते कोण होते आणि कसं काम करायचे ते सांगितलं आणि मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

माझं झाल्यावर माझ्याच वयाचा एक शेतकरी उठला. म्हणाला, “आप्पा, तुमच्या शब्दावर मी त्याला बांधावरनं माघारी लावला. पाणी पितो म्हणाला तर मी म्हणालो, घाईत हाय.” मी म्हणालो, “त्यात तुमचा दोष नाही, माझा आहे.” तो म्हणाला, “त्ये मी ठरवीन,” आणि सभेतून निघून गेला.

सचिवाने इतिवृत्तात लिहिलं : ‘माजी चेअरमन यांनी बटाटा साठवणुकीबाबत माहिती दिली.’ पुढच्या सभेत मागचं इतिवृत्त कायम करायची वेळ आली तेव्हा मी हरकत घेतली. लोक म्हणाले, “आप्पा, जाऊ द्या आता.” मी जाऊ दिलं नाही. ‘आठ दिवस आधी पाणी दिले होते, आरण लावण्यात चूक नव्हती,’ असं वाक्य मी सांगितलं आणि सचिवाकडून लिहून घेतलं. ते त्या वहीत आहे.

पण ती वही कोण उघडतो? नदीपलीकडचे शेतकरी आमच्या सोसायटीचे सभासद नाहीत आणि चाचांनी निम्म्या आरणी त्यांच्याच लावल्या. म्हणून हे लिहिलं. चाचांची मुलगी अजून दौंडला बेकरी चालवते. हे छापून आलं की एक प्रत घेऊन मी तिच्याकडे जाणार आहे. टपालाने पाठवणार नाही. तिच्यासमोर उभं राहून देणार आहे. ती बसा म्हणेल की नाही, ते तिचं तिने ठरवायचं.